आधी मोजणी, मग कारण: वऱ्हाडातली आणेवारी ते मनाचे सर्वेक्षण

मानसशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सुरुवातीलाच संशोधन पद्धतींचे प्रकरण असते. निरीक्षण, सर्वेक्षण, व्यक्तिवृत्त अभ्यास, प्रयोग. गृहीतक, चल, नमुना, नियंत्रित गट, सहसंबंध, विश्वसनीयता, सप्रमाणता. विद्यार्थी ही यादी पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि फ्रॉइड-पाव्हलॉवकडे वळतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तिथून हा इतिहास शिकवला जातो, त्यामुळे या संज्ञा परमुलखातल्या बंद खोल्यांतून आपल्याकडे आल्या असे वाटत राहते. अमरावती आणि अकोल्यापुरता हा समज तपासून पाहावा असा आहे. मोजणारा कोण, त्याने कशाला काय म्हटले, नमुना कसा निवडला आणि तुलना कशाशी केली, हे चार प्रश्न वऱ्हाडात महसुलाच्या दफ्तरात उभे राहिले, मग कापसाच्या वावरात आणि शेवटी शेतकरी आत्महत्यांच्या नोंदवहीत. माझे म्हणणे असे की, वऱ्हाडात दुःखाच्या कारणावरचा वाद नेहमी मोठ्या आवाजात झाला आणि मोजणीवरचा वाद कोपऱ्यात राहिला. ज्या ज्या वेळी मोजणीचा प्रश्न आधी सोडवला गेला त्या त्या वेळी कारणही अधिक स्वच्छ दिसले.

सुरुवात आणेवारीपासून करावी लागते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६० नंतर तिथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. जमिनीचा आकार ठरला, पण पीक दरवर्षी वेगळे येणार, म्हणून हंगामाचा अंदाज आण्यांत मांडण्याची रीत होती. पटवारी गावात फिरे, उभे पीक डोळ्यांखालून घाली आणि ते किती आणे आहे ते लिही. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीला पैसेवारी म्हणू लागले, रीत मात्र तीच राहिली. आजही अमरावती विभागात पहिला आकडा नजरअंदाज पैसेवारीचा निघतो, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आकडा गेला तर महसुलात सूट, वसुलीला स्थगिती आणि इतर सवलतींचा मार्ग मोकळा होतो. वर राहिला तर गाव कोरडेच राहते. निरीक्षण पद्धतीचा एवढा जुना आणि एवढा महाग पडणारा प्रयोग दुसरीकडे शोधावा लागेल.

या पद्धतीतले दोष मानसशास्त्राच्या भाषेत सांगता येतात. पहिला दोष व्याख्येचा. ज्याच्याशी तुलना करून आणे ठरवायचे ते ‘सर्वसाधारण’ पीक म्हणजे नेमके काय? ती मागच्या वर्षांची सरासरी नव्हती आणि सर्वांत भरघोस वर्षही नव्हते. साधारण पाऊसपाणी झाले तर जे यावे असे अपेक्षित, ते. अपेक्षा ही डोक्यात राहणारी गोष्ट. प्रत्येक पटवाऱ्याच्या डोक्यात ती वेगळी. दुसरा दोष निरीक्षकाच्या पूर्वग्रहाचा. फार चांगले पीक लिहिले तर गाव रागावणार, फार वाईट लिहिले तर वरचा साहेब विचारणार, म्हणून पेन मधल्या, सुरक्षित आकड्याकडे झुकणार. तिसरा दोष विश्वसनीयतेचा. तेच वावर दोन माणसांनी पाहिले तर दोन आकडे निघतात, आणि दोघांतला खरा कोणता हे सांगणारे मापच जवळ नसते. कास्तकाराचा आकड्यात हितसंबंध, पटवाऱ्याचा आकड्यात हितसंबंध, सरकारचाही हितसंबंध, अशा स्थितीत ‘प्रत्यक्ष पाहिले’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

कापसाच्या बाबतीत मात्र एक सोय होती, जी ज्वारीच्या बाबतीत नव्हती. ज्वारीतला मोठा वाटा घरी कणगीत जातो. कापूस घरात राहत नाही. तो जिनिंगला जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. १९२५ च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखाना कायद्याने या गाठींची नियमित माहिती देणे कारखान्यांवर बंधनकारक झाले. म्हणजे डोळ्यांनी केलेला अंदाज एकीकडे आणि मोजलेल्या गाठी दुसरीकडे, अशी ताळेबंदाची सोय झाली आणि सरकारी अंदाज अनेकदा कमी पडतो हे उघडे पडले. एखादी चाचणी जे मोजते असे म्हणते तेच ती मोजते का, हे पाहण्यासाठी तिचा निकाल स्वतंत्र निकषाशी ताडून बघणे, यालाच मानसशास्त्र सप्रमाणता म्हणते. अकोला, अमरावती, खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगच्या नोंदींनी आणेवारीची सप्रमाणता तपासली, तीही कुणी त्या हेतूने आखणी केलेली नसताना.

यापुढचे पाऊल १९४२-४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात पडले. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या योजनेतून वि. गो. पानसे आणि कळमकर यांनी इथल्या कपाशीच्या उत्पन्नाचा अंदाज यादृच्छिक नमुन्याने काढला. त्यामागचा विचार साधा होता, पण नजरअंदाजाला मुळापासून छेद देणारा होता. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, निवडलेल्या गावातली वावरे तशीच निवडायची, वावरातला तुकडाही तसाच ठरवायचा आणि त्या तुकड्यातला कापूस वेचून तराजूत घालायचा. कोणते वावर बघायचे हे पटवाऱ्याने ठरवायचे नाही, मालकाने नाही आणि शास्त्रज्ञानेही नाही. निवडीतून माणसाची मर्जी काढून टाकली की उरलेली चूक किती मोठी असू शकते हे गणिताने सांगता येते. कळमकर यांनी त्याआधी इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला शेतातल्या नमुना निवडीवर काम केले होते. त्याच संस्थेत १९१९ पासून रोनाल्ड फिशर यांनी तुलनेसाठी राखलेला तुकडा, प्रयोगाची पुनरावृत्ती आणि यादृच्छिक वाटणी यांची सांगड घातली होती.

नमुना यादृच्छिक असला म्हणजे सगळे साधले असेही नव्हते, आणि हा धडाही भारतीय शेतीनेच शिकवला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न जास्त दिसते. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले झाड आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो, आणि लहान तुकड्यात कडेच्या झाडांचे प्रमाण मोठे असते. या मुद्द्यावर त्यांचे प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या लहान तुकड्यांच्या पद्धतीशी मतभेद झाले. वाद तांत्रिक दिसतो, पण त्यात संशोधन पद्धतीचा एक मोठा भेद दडलेला आहे. काही चुका इकडेतिकडे विखुरतात आणि नमुना वाढवला की एकमेकींना खाऊन टाकतात. काही चुका एकाच दिशेला जातात आणि नमुना कितीही वाढवला तरी तशाच राहतात. हजार लहान तुकडे कापले तरी ती चूक जात नाही. पानसे आणि सुखात्मे यांचे शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पोचले. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झाले तेव्हा ही विचारपद्धती तिथल्या शिवाराला नवी नव्हती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. कपाशीचे झाड म्हणजे माणसाचे मन नव्हे. पऱ्हाटीला आपली मोजणी चालली आहे हे कळत नाही, माणसाला कळते. तो बघणाऱ्याकडे बघून उत्तर बदलतो, लाजतो, फुगवून सांगतो किंवा गप्प बसतो. मग शेतातल्या पद्धतीचा मनाच्या अभ्यासाशी संबंध कसा जोडायचा? ऐतिहासिक उत्तर असे की हा संबंध प्रत्यक्षात जुळलेला आहे. तुलनेचे गट मानसशास्त्रज्ञांनी फिशर यांच्या आधीही वापरले होते, पण १९३५ मधल्या त्यांच्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकानंतरच यादृच्छिक वाटणी आणि प्रचरणाचे विश्लेषण ही मानसशास्त्राच्या प्रयोगाची रोजची हत्यारे झाली. तात्त्विक उत्तर वऱ्हाडातूनच मिळते. आणेवारी पिकाची असली तरी ती झाडाने सांगितलेली नव्हती. पटवारी, पाटील आणि कास्तकार यांनी सांगितलेली होती, आणि त्या सगळ्यांना आकड्याचे परिणाम ठाऊक होते. म्हणजे मोजणीची जाणीव असलेला, तिच्यामुळे वागणे बदलणारा माणूस या इतिहासात पहिल्या दिवसापासून हजर आहे. अकोल्याच्या सर्वेक्षणाने कपाशी मोजली हे खरे, पण त्याने जे आवरले ते माणसाचे मन होते.

या शतकाच्या सुरुवातीला हेच प्रश्न फार दारुण रूपात परत आले. अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची प्रशासकीय नोंद २००१ पासून ठेवली जाते. त्या नोंदीत पात्र आणि अपात्र असे दोन रकाने आहेत. जमीन कुटुंबाच्या नावे सातबाऱ्यावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले आणि परतफेडीचा तगादा लागलेला हवा. हे जमले तर प्रकरण पात्र आणि कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत. एखादी अमूर्त गोष्ट मोजण्यासाठी ती कोणत्या खुणांवरून ओळखायची हे आधी ठरवणे म्हणजे कार्यात्मक व्याख्या. १९३० च्या दशकात एस. एस. स्टीव्हन्स यांनी ती मानसशास्त्रात रुजवली. इथे ‘शेतीच्या अरिष्टामुळे झालेली आत्महत्या’ या गोष्टीची कार्यात्मक व्याख्या तहसील कचेरीत लिहिली गेली. मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याचे वावर करणारा तीत बसत नाही, बिनपरवाना सावकाराचा देणेकरी बसत नाही, भूमिहीन मजूर बसत नाही, आणि दिवसभर वावरात राबणारी पण कागदावर गृहिणी असलेली बाई तर शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही. मदत वाटण्यासाठी काही रेषा ओढावी लागते हे मान्य करायला हवे. अडचण तिथे होते, जिथे मदतीसाठी आखलेला रकाना कारणाचा पुरावा म्हणून वापरला जातो. अपात्र प्रकरणे म्हणजे शेतीशी संबंध नसलेली प्रकरणे, असे म्हणणे हा सप्रमाणतेचा दोष आहे.

व्याख्या बदलली की जग कसे बदलल्यासारखे दिसते याचे देशपातळीवरचे उदाहरणही जवळचेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या ११,७७२ आत्महत्या होत्या. २०१४ मध्ये विभागाने शेतकरी आणि शेतमजूर असे दोन वेगळे वर्ग केले. त्या वर्षी शेतकरी ५,६५० आणि शेतमजूर ६,७१०. पहिलाच आकडा उचलला तर एका वर्षात संख्या निम्म्यावर आली असे कुणालाही म्हणता येते. दोन्ही मिळवले तर १२,३६०. मजूर आधी कोणत्या रकान्यात जात होते हे ठरल्याशिवाय दोन्ही निष्कर्ष अधांतरी राहतात. व्याख्येइतकाच तुलनेचाही प्रश्न आहे. २००६ च्या १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. हे जिल्हे निवडले गेले ते परिस्थिती अगदी बिघडलेली असताना. टोकाला गेलेला आकडा पुढे थोडाफार सरासरीकडे सरकतोच, मग पॅकेज असो वा नसो. तुलनेला दुसरे काहीच राखले नसेल तर नंतरच्या घटीचे श्रेय योजनेला द्यायचे की या सरकण्याला, हे सांगता येत नाही. आकडा वाढला तर योजना फसली, असेही तेवढ्याच सहज म्हणता येत नाही.

आता कारणाकडे. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे सृजित मिश्रा यांनी राज्य सरकारसाठी केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांबरोबर त्यांनी आत्महत्या न झालेली १०६ कुटुंबेही पाहिली. आत्महत्याग्रस्त कुटुंबांपैकी सुमारे ८७ टक्के कर्जबाजारी होती. हा आकडा ऐकला की प्रश्न सुटला असे वाटते. पण २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत महाराष्ट्रातली ५४.८ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी होती. म्हणजे निम्म्याहून अधिक शेतकरी कर्जात होते आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी जगणे चालू ठेवले होते. शिवाय राज्याची सरासरी वऱ्हाडाला लागू करणे घाईचे. विदर्भातले प्रमाण वेगळे असू शकते. म्हणून तुलना त्याच मुलखातल्या कुटुंबांशी हवी, आणि मिश्रा यांचा १०६ चा गट त्यासाठी होता. त्या तुलनेत आत्महत्याग्रस्त कुटुंबांवरचे कर्ज जास्त निघाले, बैल कमी, उत्पन्नाची किंमत कमी, कुटुंब मोठे. कर्जाचे सुटे दिसणारे कारण इतर कारणांच्या जुळणीत जाऊन बसले.

यावर वऱ्हाडात तळतळाटाने घेतला जाणारा आक्षेप असा: मेलेला माणूस समोर आहे, डोक्यावर कर्ज होते, भाव पडलेला होता, आता नियंत्रित गट कशाला हवा? हे चिकित्सेच्या नावाखाली वेळ काढणे आहे. समित्या नेमून निर्णय लांबवण्याचा आपला अनुभव पाहता हा राग समजण्यासारखा आहे. तरीही नियंत्रित गटाने इथे कोणाची बाजू भक्कम केली ते पाहावे. नुसते ‘कर्ज होते’ म्हटले की समोरचा लगेच म्हणतो, कर्ज तर सगळ्यांनाच असते. तुलना केल्यावर तो प्रतिवाद संपतो, कारण कर्जाचा बोजा जास्त होता हे दोन्ही गट मोजून दाखवता येते. दारू, घरगुती भांडण, लग्नाचा खर्च अशी कारणे शेतकऱ्याच्याच माथी मारली जातात, तेव्हाही हाच प्रश्न ढालीसारखा उपयोगी पडतो. शेजारच्या, जिवंत असलेल्या कास्तकाराच्या घरी दारू आणि भांडण किती होते, ते मोजले का? न मोजता ठेवलेला ठपका हा आणेवारीतल्या नजरअंदाजाचाच प्रकार आहे. मर्यादाही सांगायला हवी. गेलेल्या माणसाबद्दल मागे राहिलेल्यांना विचारावे लागते, आणि दुःखात माणूस मागच्या गोष्टी कारणाच्या धाग्यात ओवत जातो. ज्या घरात असे काही घडले नाही, तिथे त्याच अडचणी आठवणीतून निसटलेल्या असतात. अशा अभ्यासातून सहसंबंध बळकट होतो. प्रयोगासारखी खात्री मिळत नाही, आणि नैतिकदृष्ट्या तसा प्रयोग करताही येणार नाही.

मनाची थेट मोजणी अमरावती जिल्ह्यात झाली ती ‘विश्राम’ या उपक्रमात. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये मांडले. सुमारे एक लाख लोकवस्तीच्या ३० गावांत गावातलेच कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर अशी साखळी उभी केली गेली. कामाच्या आधी आणि सुमारे दीड वर्षानंतर यादृच्छिक नमुन्याने पाहणी झाली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. नैराश्य ओळखायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरली होती. तीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ही पुन्हा कार्यात्मक व्याख्याच. ‘टेन्शन आहे’, ‘कशातच मन लागत नाही’ असे सांगणाऱ्या मुलखात त्या नऊ प्रश्नांनी तेच दुःख पकडले का, हा सप्रमाणतेचा प्रश्न तिथेही आहे. परक्यासमोर कमीपणा नको म्हणून दिलेले उत्तर आणि मदत मिळेल म्हणून दिलेले उत्तर, हे दोन्ही धोकेही आहेत.

या उपक्रमात तुलनेसाठी वेगळी गावे राखलेली नव्हती, आणि ही उणीव महत्त्वाची आहे. दीड वर्षात गावात इतर कितीतरी गोष्टी बदलतात. चांगला हंगाम आला असता तर नैराश्य आपोआप घटले असते, अशी शंका कोणी घेईल. तिला अर्धे उत्तर आहे: उपक्रम चालू होता ती २०१४ आणि २०१५ ही राज्यात कमी पावसाची वर्षे होती, त्यामुळे सुधारणेचे श्रेय पावसाला देणे कठीण. पण अर्धे उत्तर म्हणजे पूर्ण पुरावा नव्हे. उपचारापर्यंत पोचण्यातली सहापट वाढ एवढी मोठी आहे की ती निव्वळ योगायोग मानणे अवघड. नैराश्यातली तीन-साडेतीन टक्क्यांची घट मात्र तुलनेच्या गावांशिवाय ठामपणे उपक्रमाच्या नावे लिहिता येत नाही. एकाच अभ्यासातल्या दोन आकड्यांवर वेगवेगळा विश्वास ठेवावा लागतो, आणि पद्धतीचे शिक्षण याच कामी येते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कापसाचा भाव, सिंचन, कर्जव्यवस्था हे प्रश्न बाजूला सारून शेतकऱ्याच्या डोक्यात दोष शोधायचा आणि त्याला गोळ्या-समुपदेशन द्यायचे, हे अन्यायावर पांघरूण घालणे आहे. मनाच्या पाहणीचा असा वापर होऊ शकतो, यात शंका नाही. परंतु तो मोजणीतून आपोआप निघत नाही. भाव आणि कर्ज हे एका बाजूचे चल, नैराश्य हे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही मोजल्याशिवाय त्यांचा संबंध दाखवता येत नाही. अरिष्टाने माणसाच्या मनाचे काय केले हे ज्याने मोजलेच नाही, त्याला ते नुकसान धोरणाच्या खात्यावर टाकताही येत नाही. मानसिक पाहणी टाळल्याने आर्थिक मागणी मजबूत होत नाही. उलट तिच्या हातातला एक पुरावा जातो.

एवढ्या इतिहासातून तीन व्यावहारिक मागण्या निघतात. पहिली सरकारकडे: पुढचे पॅकेज किंवा मोहीम आखताना काही तालुक्यांत ती टप्प्याने सुरू करावी. सगळीकडे एकाच दिवशी पैसा आणि माणसे पोचत नाहीतच. मग क्रम चिठ्ठीने लावला तर कोणाचाही हक्क न डावलता तुलनेचा गट मिळतो. दुसरी प्रशासनाकडे: पात्र-अपात्रतेचे निकष मदतीपुरते ठेवावेत, आणि अभ्यासासाठी मक्तेदार, मजूर व शेतकरी स्त्रिया यांची नोंद वेगळ्या रकान्यात जपावी, व्याख्या बदलली तर जुन्या व्याख्येचा आकडाही काही वर्षे सोबत छापावा. तिसरी अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या मानसशास्त्र विभागांकडे: पद्धतीचे प्रकरण शिकवताना आपल्या तालुक्याची पैसेवारी, १९४२-४३ चे कपाशीचे सर्वेक्षण आणि ३० गावांची पाहणी हीच उदाहरणे घ्यावीत. पन्नास पैशांची रेषा आपल्या गावासाठी कोणी, कशावरून आणि किती वावरे पाहून ठरवली हे विचारता येणारा विद्यार्थी नमुना, पूर्वग्रह आणि सप्रमाणता शिकलेला असतो, आणि तो प्रश्न तहसील कचेरीत विचारण्याचा अधिकारही त्याला आहे.